अकरा कार्डं

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि रतनच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. इतका वेळ घरात एवढासुद्धा आवाज नव्हता. तिनं आधी झोळीकडे पाहिलं, भाताकडे मागाहून. झोळीतल्या गेणूनं दोनदा ओठ चोखले, मूठ गालाखाली घेतली आणि पुन्हा झोपी गेला. स्टोव्ह बारीक करून ती परत जमिनीवर मांडी घालून बसली.

दुपारचे हे दीड-दोन तास तेवढे तिचे. नवरा अंबाजी लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये, सात महिन्यांचा गेणू झोळीत, पाच वर्षांची चिंगी उंबऱ्यात चिंचोके मांडत बसलेली. धुणं वाळायचं, भात शिजायचा, आणि तेवढ्यात रतन ट्रंकेतून कार्डांचा गठ्ठा काढायची.

पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं, दोनशे बारा. एक कार्ड म्हणजे एक माणूस. कार्डांच्या कडेनं ओळीनं भोकं, आणि एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. डोंगरावरच्या वाडीत राहतो का? दुसऱ्या शिफ्टला आहे का? घरात एकटाच पुरुष आहे का? पावसाळ्यात आठ दिवसांहून जास्त खाडे केले का? उत्तर ‘हो’ असलं की रतननं कात्रीनं त्या भोकाची कड कापून टाकायची. मग गठ्ठा उचलून त्या भोकातून विणायची सुई ओवायची आणि हलवायची. कड कापलेली कार्डं खाली गळून पडत, बाकीची सुईला लटकून राहत.

काम पुण्याच्या साहेबांचं. कारखाने कसे चालवावेत हे शिकवणारी नवी संस्था पुण्यात निघाली होती, तिथले ते प्राध्यापक. औंढ्याच्या रस्त्याला पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. तिथली माणसं पावसाळ्यात खाडे का करतात, हे साहेबांना शोधायचं होतं. मॅनेजरकडे उत्तर तयार होतं: वरच्या वाड्यांतली माणसं आळशी. साहेबांना ते पटेना. म्हणूनच ते सुवाच्य अक्षराची मॅट्रिक झालेली बाई शोधत, शाळामास्तरांची चिठ्ठी घेऊन रतनच्या दारात आले होते. अख्खा फाल्गुन-चैत्र रतन एका बोटाला चिंगी आणि कडेवर गेणू घेऊन कामगारांच्या घरी प्रश्न विचारत हिंडली.

आणि आता पंधरा दिवस ती एकेक सुई घालून बघत होती. वाडीतली माणसं जास्त खाडे करतात म्हणावं, तर वाडीतलीच कितीतरी माणसं एक दिवस न चुकवणारी निघत. दुसऱ्या शिफ्टला दोष द्यावा, तर दुसऱ्या शिफ्टची गावातली माणसं घड्याळासारखी नेमानं येणारी. एकटा पुरुष असलेली घरं? त्यातही निम्मी अशी, निम्मी तशी. प्रत्येक कारण थोडं खरं आणि थोडं खोटं.

आज तिनं तीन सुया तीन भोकांत एकदम ओवल्या. वाडी, दुसरी शिफ्ट, एकटा पुरुष. गठ्ठा हलवला. अकरा कार्डं पडली. तिनं एकेक उचलून खाड्यांचं भोक पाहिलं. अकराच्या अकरा कापलेली होती. मग तिन्हींतली कुठलीही एक सुई काढून पाहिली, की पुन्हा सगळा गोंधळ.

रतननं अकरा कार्डं पुन्हा एकदा मोजली. चिंगीला बोलवून दाखवावं असं वाटलं, पण दाखवायचं तरी काय. त्या अकरांत चौथं कार्ड बहिरूचं होतं.

बहिरू औंढ्याच्या वरच्या वाडीतला, आणि हिरी त्याची बायको. गेणूच्या वेळी रतनची सासू गावाकडे अंथरुणाला खिळलेली. तेव्हा महिनाभर खाली राहून बाळबाळंतिणीला तेल लावलं, शेक दिला, न्हाऊ घातलं ते हिरीनं. दुसऱ्याच्या बाळाला पालथं पायावर घेऊन ती इतकं मऊ पाणी घालायची की गेणू रडायचा विसरायचा. तिचं स्वतःचं मात्र टिकत नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोन्हीदा चौथा महिना सरता सरता निसटलं. या खेपेला ती चैत्रात चार महिन्यांची होती आणि बोलताना नकळत पोटावर हात ठेवायची.

बहिरू कारखान्यात तीन वर्षं बदली कामगार होता. कायम झाला असता तर कारखान्याची खोली मिळाली असती, हिरीला सातव्या महिन्यातच खाली आणता आलं असतं. वाडीवरून पावसात कळा लागलेली बाई डोलीत घालून आणायची तर औंढ्याच्या ओढ्यापाशीच अडते. रतनला हे कार्डावर कुठं लिहायचं नव्हतं, पण दिवसातून दहादा मनात यायचं.

बहिरूचं कार्ड भरायला ती वर गेली तो दिवस तिला आठवला. तिनं छापील प्रश्न वाचला होता, “गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या शेताच्या कामासाठी किती दिवस खाडा केला, बहिरूभाऊ?”

“म्या? येक बी न्हाई. माजं खाचर केवढं? सुट्टीच्या दिशी व्हतंय लावून.”

“मग हे नऊ खाडे कशाचे?”

“ते आपलं, जावं लागतं.”

“कुठं?”

“हितंच की, वाडीत.” बहिरू हसला होता.

“आजारी होता?”

“न्हाय बा. कारखान्याचा डाक्टर माज्याकडून तब्बेत मागून नेतोय.”

हिरी चुलीपासनं म्हणाली होती, “लिवा काय बी, रतनताय. तुमी लिवाल ते खरं.”

आजार, शेत, सण, लग्नकार्य आणि इतर, अशी पाच भोकं होती. रतननं ‘इतर’ची कड कापली होती. आता तिनं पाहिलं, अकराच्या अकरा कार्डांवर तिनं ‘इतर’च कापलं होतं.

शनिवारी साहेब आले. सुयांचा खेळ त्यांनी तीनदा करायला लावला. मग चष्मा काढून पुसत बसले.

“रतनबाई, पान खाता?”

“नाही हो.”

“बघितलंय ना खाताना? चुना पांढरा, कात विटकरी, पान हिरवं. एकेकटं चघळा, तोंड रंगत नाही. तिन्ही जमली की लालभडक. आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं भांडतात, लाली चुन्याची का काताची. कारणं बेरजेसारखी एकावर एक चढत नाहीत, ती एकमेकांत मुरतात. हे मी पुस्तकांत शोधतोय आणि तुम्ही विणायच्या सुईनं काढलंत.”

रतनला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटल्या. लग्न झाल्यापासून तिला कुणी असं बोललं नव्हतं.

“आता यातलं एक काढून घेऊ,” साहेब म्हणाले. “वाडी हलवता येत नाही. भाऊ विकत आणता येत नाही. शिफ्ट मात्र बदलता येते. बघा ना, दुसऱ्या शिफ्टचा माणूस रात्री अकराला सुटतो, पावसात डोंगर चढतो, घरी हाताखाली दुसरं कोणी नाही. सकाळी अंग मोडून येणारच. अकराही जणांना पहिल्या शिफ्टला घ्या म्हणून लिहितो.”

रतन थोडी घुटमळली. “साहेब, मी एकदा वर जाऊन विचारून येऊ का, हे जातात तरी कुठं? सगळ्यांचं ‘इतर’च आलंय.”

“रिपोर्ट वीस तारखेला द्यायचाय. आणि कोण कुठं जातो याला महत्त्व नाही. काय काय जमलं की माणूस जातो, ते आपल्याला सापडलंय.”

तिला पटलं. पटावं असं वाटत होतं, म्हणून लवकर पटलं. आणि पुढची गोष्ट तर तिनंच सुचवली. पहिल्या शिफ्टला येऊन जो या पावसाळ्यात एकही खाडा करणार नाही, त्याला कायम करावं. साहेबांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि रिपोर्टात ते वाक्य घातलं.

रात्री जेवताना तिनं अंबाजीला पानाची गोष्ट सांगितली. अंबाजी घाटात गाड्यांना मागून लावायच्या इंजिनावर होता. तो भाकरी मोडत म्हणाला, “आमच्यात हे रोजचंय. गाडी खंडाळ्याला चढली की पुढचा म्हणतो मी ओढली, मागचा म्हणतो मी ढकलली. आणि गाडी मागं सरकली, की दोघं मिळून ब्रेकवाल्याकडं बोट दाखवतात.”

“आणि खरं कोणाचं?”

“साहेब येऊन लिहून नेतो ते. आमटी वाढ.”

वैशाख सरता सरता रिपोर्टातलं सगळं मंजूर झालं. बहिरू बाजाराला खाली आला तेव्हा रतननं त्याला दारातच गाठलं. “बहिरूभाऊ, आता एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. काही झालं तरी. भाद्रपदाच्या आत कायम व्हाल. हिरीला मी इथंच ठेवून घेईन.”

बहिरूनं डोक्यावरची टोपी सारखी केली. “येकबी न्हाई?”

“एकही नाही.”

“लावणीच्या दिसांत बी?”

“त्याच दिवसांत तर नाही. तुमचं खाचर सुट्टीच्या दिवशी होतं ना?”

“ते व्हतंय,” बहिरू म्हणाला, आणि जरा वेळ उभाच राहिला. आणखी काही बोलेल असं वाटलं. पण मग “बरं” म्हणून निघून गेला. त्याच्या त्या उभं राहण्याचा रतननं त्या वेळी काही विचार केला नाही. गेणू रडायला लागला होता.

पाऊस सुरू झाला आणि लोणावळ्याचा डोंगर दोन महिने दिसेनासा झाला. गेणूला खोकला धरला. कपडे वाळेनात, शेगडीवर दुपटी धरून रतनच्या हातांना कोळशाचा वास लागला. हिरी दर मंगळवारी बाजाराला यायची ती आषाढात यायची थांबली. जड अंगानं एवढ्या पावसात उतरू नये, बरंच झालं, असं रतन स्वतःला समजावी. बहिरू एकदा अंबाजीला स्टेशनाजवळ भेटला होता. हिरीचं विचारलं तर “हाय बरी” म्हणाला. एक खाडा नाही, असंही म्हणाला.

श्रावण उतरताना पुण्याहून पत्र आलं. हजेरीचा आकडा कधी नव्हे इतका चढला होता. अकरापैकी दहा जण एकही खाडा न करता टिकले. साहेबांनी लिहिलं होतं की आता याच्यावर मी मोठा लेख लिहिणार आहे, त्यात तुमच्या सुयांचाही उल्लेख करीन. सोबत अकरा कोरी कार्डं होती. शिफ्ट बदलल्यावर काय फरक पडला, ते भरून पाठवायचं.

कारखान्याच्या सुट्टीचा दिवस बघून रतननं गेणूला शेजारच्या चिमाबाईंकडे ठेवलं आणि चिंगीला घेऊन औंढ्याला गेली. तिथून वर चढण. पाऊस उघडला होता, खाचरांतून भात गुडघाभर वाढलेला. चिंगी वाटेत विचारत होती, हिरीमावशीचं बाळ आल्यावर ते गेणूपेक्षा लहान असेल ना, मग गेणूला ते दादा म्हणेल ना. रतन हो हो म्हणत होती. पिशवीत कार्डांखाली तिनं गेणूची दोन झबली घेतली होती.

बहिरूच्या पडवीत हिरी सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि लुगड्याचा पदर पुढं ओढून घेतला. पण रतनला दिसायचं ते दिसलं होतं. आठवा सरत आलेल्या बाईला अशी मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन बसता येत नाही.

आतून बहिरूची म्हातारी मावशी, सारजाबाई, बाहेर आली.

“बस बाय. बघतीस काय. सातव्यात गेलं. पोरगा व्हता.”

“कधी?”

“लावणी सरायच्या आदल्या दिशी. वाडीतल्या नवसूच्या खाचरात.”

“नवसूच्या खाचरात ही काय करत होती?”

“सावडीला गेलती.” सारजाबाईला प्रश्नच कळला नाही. “बहिरूच्या खाचरात नऊ जनं येऊन लावून गेली. त्या नवांच्यात ह्या घरचा हात नको व्हय जायाला? दर साली बहिरू जातोय. औंदा त्याला खाडा करायचा न्हवता. भाऊ न्हाई, पोर न्हाई. मंग कोन जानार? मी जानार, ह्या गुडघ्यांनी?”

रतन उंबऱ्याजवळ टेकली. सावड तिला ठाऊक नव्हती असं नाही. पण तिचं माहेर इंदुरीचं, नदीकाठची जमीन. लावणीला वडिलांकडे मजूर यायचे. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या, असं डोंगरातले लोक करतात हे तिनं ऐकलं होतं, एवढंच. आता तिच्या डोळ्यांपुढं त्या तीन सुया आल्या. वाडीतला माणूस, म्हणून त्याला सावड. घरी भाऊ असला की भाऊ जातो, हा कामावर येतो. भाऊ नसला आणि दुसरी शिफ्ट असली, की हा सकाळी चिखलात उतरतो, तीनला कामावर पोचू म्हणतो, आणि दुसऱ्याचं खाचर अर्धं टाकून निघता येत नाही म्हणून राहतो. पहिली शिफ्ट असली, की हा सकाळीच कामावर जातो आणि चिखलात बायको उतरते. रात्रीच्या चढणीचा त्यात काही संबंध नव्हता. दुसऱ्या शिफ्टमुळे बहिरू खाडा करत होता आणि दुसऱ्या शिफ्टमुळेच हिरी घरी राहत होती. कार्डं खरं बोलली होती. अर्थ लावला होता तो तिनं आणि साहेबांनी.

बहिरू गोठ्यातून हात धुऊन आला. खाली बसला.

“त्या दिवशी सांगितलं का नाही, बहिरूभाऊ?” रतननं विचारलं. “चैत्रात मी विचारत होते तेव्हा?”

“तुमी माज्या शेताचं इचारलंत. माज्या शेताला खाडा न्हवताच.”

“मी कुठं जाता, तेही विचारलं होतं.”

“सावडीचं काय सांगायचं? त्ये बोलून दावलं की मजुरी व्हती.” तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. “बाजाराच्या दिशी तुमी म्हनालात येकबी न्हाई, तवा आलतं तोंडाशी. पर तुमी येवढं जीव लावून बोलत व्हता.”

“तिला थांबवायचं तरी.”

“म्या कामावर. ही मला सांगत बी न्हवती. चार दीस झाल्यावर कळलं, तवर पाच घरं राहिलीवती.”

“उगा त्यांला बोलू नका,” हिरी पहिल्यांदा बोलली. हात तांदळातच होते. “सांगू नका म्हनून मीच बजावलं व्हतं. तुमाला कळलं असतं तर तुमी वरडत आला असता. आन माजं पोटच तसं, रतनताय. आधीची दोन काय चिखलात गेली व्हय? ती तर घरात बसून गेली.”

“पोटाला नको बोल लावू,” सारजाबाई म्हणाली. “नवसूच्या खाचराच्या कोपऱ्यात आसरा हायेत, पान्यातल्या बाया. गरवारशीनं त्या पान्यात पाय घालू नये, म्या सांगितलं व्हतं.”

“शिफ्ट बदलली तवाच न्हाई म्हनाया पायजे व्हतं मला,” बहिरू म्हणाला.

तो उठला आणि आतून पत्र्याच्या डब्यातला कागद घेऊन आला. घडी घातलेला, टंकलिखित. रतननं वाचला. गेल्या सोमवारपासून तो कायम झाला होता. खोलीसाठी अर्ज करावा, असं खाली लिहिलं होतं.

“वाचलं,” रतन म्हणाली आणि कागद परत दिला.

हिरीनं तिच्या पिशवीकडे पाहिलं. “कार्ड भरायला आला न्हवं? भरून घ्या. यवढं चढून आलाय.”

“राहू दे गं.”

“भरा की. न्हाई भरलं तर शिफ्ट परत फिरवतील, ह्यांचं कायमपन जाईल.”

रतननं कार्ड बाहेर काढलं, कारण हिरीनं सूप बाजूला ठेवून तिच्यासाठी जागा पुसली होती. तिनं छापील प्रश्न वाचला. शिफ्ट बदलल्यानं घरच्या कामात काही अडचण आली का?

“न्हाई,” बहिरू म्हणाला.

“न्हाई,” हिरीही म्हणाली.

उत्तर ‘नाही’ असलं की कात्रीला काम नसतं. कार्ड आलं तसं धड राहतं, सुई कितीही हलवली तरी गळून पडत नाही. रतननं ते तसंच पिशवीत ठेवलं. खाली झबली हाताला लागली. ती तिनं बाहेर काढली नाहीत.

निघताना हिरी वाडीच्या बांधापर्यंत आली. चिंगीचा परकर चिखलानं भरला होता, तो तिनं खाली बसून पिळून दिला. “गेनूचा खोकला?” तिनं विचारलं.

“कमी आहे आता.”

“ववा भाजून पुरचुंडीत बांधा, छातीला शेका. फार गरम नको. आपल्या गालाला लावून बगायची आधी.”

“बरं.”

दोघी उतरायला लागल्या. वाट निसरडी होती, रतननं चिंगीचा हात घट्ट धरला होता. पुण्याला काय लिहायचं याचा ती विचार करत होती. सगळं खरं लिहावं, तर शिफ्ट फिरेल आणि बहिरूचं कायमपण जाईल. हिरीच्या हाती मग काहीच उरणार नाही. न लिहावं, तर पुढच्या आषाढात बाकीच्या दहा घरांतनं कोण खाचरात उतरेल? त्या दहा घरांत कोण कोण बायका आहेत, त्यांतल्या कुणाला दिवस गेलेत का, हे तिला माहीत नव्हतं. कार्डावर बायकांचं भोकच नव्हतं. आणि समजा तेही असतं, आसरांचं असतं, आधीच्या दोन वेळांचं असतं, वाडीपासून दवाखाना किती लांब याचं असतं, आपण दारात उभं राहून मायेनं काय बोललो याचंही असतं, तरी यांतल्या किती सुया एकदम ओवल्या म्हणजे ते एक पोर गळून पडतं, हे तिला कुणी सांगितलं असतं?

नवसूच्या खाचरापाशी वाट वळत होती. भात तिथंही इतर खाचरांसारखंच हिरवंगार, जरा जास्तच दाट. रतननं पाऊल उचललं. चिंगी मात्र थांबली. वाऱ्यानं भाताची पाती एका अंगाला झुकत होती, तिकडे ती बराच वेळ बघत राहिली. पडवीत ती कोपऱ्यात बसून होती. तिनं ऐकलं असेल असं रतनच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“चल चिंगे, एसटी चुकेल.”

चिंगी हलली नाही. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं.

“आई, हिरीमावशीचं बाळ कशानं गेलं?”